राखी रंगाखालचा हिरवा

आमच्या काकांच्या जीपला नवा रंग द्यावा लागणार, हे आम्हांस प्रथम कळले ते परिवहन कचेरीतील एका अधिकाऱ्यांच्या नखामुळे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी घेऊन आम्ही कचेरीच्या आवारात उभे होतो. अधिकारी मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चासीचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला, आणि जाता जाता बॉनेटच्या कडेला सुटलेला रंगाचा एक पापुद्रा सहज नखाने उचलला. पापुद्रा तळहाताएवढा निघाला. वर राखी रंग, आणि खाली हिरवा. तोही झाडापानांचा हिरवा नव्हे, तर लष्करी हिरवा. त्यांनी कानडीत विचारले, "गाडी मिलिटरीची काय?" आम्ही मराठीत उत्तर दिले, "होती." बेळगावात असे संभाषण दोन्ही बाजूंस पूर्णपणे समजते. त्यांनी तो पापुद्रा आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता नाही ना? मग हा हिरवा नीट झाकून आणा."

नियम अगदी स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य कोणत्याही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जो रंग पाहून पहारेकरी गाडीला वाट देतो, तो रंग वाटेल त्याने फासला तर पहाऱ्याला अर्थ उरणार नाही. तेव्हा अधिकाऱ्यांचे काही चुकले नव्हते. चुकले असलेच तर ते आमच्या काकांचे, आणि ती चूक १९९१ सालची होती.

काका मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९१ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. या रेजिमेंटचा वंशवृक्ष १७६८ सालापर्यंत मागे जातो आणि तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे इकडच्या मराठी घरांतून 'पलटण' हा शब्द एखाद्या वडीलधाऱ्या नातलगासारखा वावरतो. तिची ख्यालीखुशाली विचारली जाते, तिच्या नावाने मुलांना दटावले जाते. काकांचा बराचसा काळ पलटणीच्या मोटारगाड्यांवर गेला. निवृत्तीनंतर इतरांनी शेताचे तुकडे घेतले, घराचे मजले चढविले. काकांनी लष्कराच्या लिलावातून एक बाद जीप घेतली. ती काही त्यांनी स्वतः चालविलेली गाडी नव्हती. ती कुठल्या पलटणीकडून आली, कोणत्या सीमेवर हिंडली, हे लिलावाच्या कागदावर नव्हते. नागरी नोंदणीसाठी रंग बदलणे भाग पडले, तेव्हा काकांनी राखी रंगाचा एक डबा आणला आणि एका दुपारी, न घासता, न पुसता, त्या हिरव्यावर सरळ ओढून दिला. "रागाने मारला होता," असे त्यांनीच पुढे आम्हांला सांगितले. राग कोणावर, हे आम्ही विचारले नाही.

पुढे दर नूतनीकरणाच्या वेळी वरून एकेक राखी हात चढत गेला. न घासलेल्या रंगावर चढविलेले थर म्हणजे भुसभुशीत जमिनीवर चढविलेले मजले. उन्हाने पत्रा प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि त्याला न चिकटलेला रंग सुटत जातो. जुना हिरवा मात्र जागचा हलला नव्हता. तो लष्कराच्या कारखान्यात नीट अस्तरावर बसविलेला होता.

आता या जीपची देवळाला काय गरज, असे परगावचे वाचक विचारतील, म्हणून सांगतो. आमच्या देवीची माघातील जत्रा आहे. पालखी देवळातून निघून शिवेवरच्या ठाण्यापर्यंत जाते. ती भोयांच्या खांद्यावरूनच जायची, त्यात पालट नाही. परंतु तिच्यामागून प्रसादाची पातेली, पाण्याची पिंपे, सतरंज्या, समया, आणि गुडघ्यांनी जबाब दिलेल्या पण जत्रा न चुकविणाऱ्या दोन-तीन आजीबाई यांना नेण्याचे काम तीस वर्षे ही जीप करीत आली आहे. शेवटचा अर्धा कोस रस्ता असा आहे की तेथे दुसरी गाडी चालत नाही. काकांची ही सेवा आहे. देवळाच्या वहीत तिच्यापुढे रक्कम लिहिलेली नसते, एवढेच. नूतनीकरण न झाले तर सेवा बंद पडणार होती, आणि काकांचे वय असे की बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी, इतका अवकाश त्यांच्यापाशी नव्हता.

जीप या वाहनाविषयी आपल्या लोकांत जो जिव्हाळा आहे, तो उगाच नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. युद्ध संपल्यावर त्या जगभर विखुरल्या. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ सालापासून विलीस जीपा जुळवून विकण्यास प्रारंभ केला, आणि पुढे त्याच घराण्यातील गाड्या आपल्या सेनेत सर्वत्र दिसू लागल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीसाठी निघालेल्या फौजेची एक वाट अनमोड घाट उतरून मोल्यावरून फोंड्याकडे गेली होती. त्या दिवसांत रस्त्याकडेला उभे राहून हिरव्या गाड्यांची रांग पाहिलेली माणसे गोव्यात आणि बेळगावात अजून भेटतात. १९६५ साली खेमकरणच्या आघाडीवर हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जीपवर बसविलेल्या तोफेने. अशा गाडीचा रंग खरवडताना हात थोडा अवघडतो, हे कबूल केले पाहिजे.

गंमत अशी, की ज्याला आपण लष्करी हिरवा म्हणतो तो मूळचा हिरवा नाहीच. अमेरिकेच्या सेनेने जो ऑलिव्ह रंग चालविला तो पिवळ्या मातीचा रंग आणि काळा यांच्या मिश्रणातून तयार होत असे. डोळ्यांना तो हिरवट भासतो. त्याच्या आधीच्या 'खाकी'चे नाव तर 'खाक' म्हणजे धूळ, माती या फारसी शब्दावरून आले. सैनिकाला मातीत मिसळून जायचे असते. मग त्याची भाषा कोणतीही असो.

रंगकामाचा अंदाज काढण्यासाठी आम्ही प्रथम शहरातील एका गॅरेजवाल्यांकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि चाळीस हजारांचा आकडा सांगितला. पत्र्याचे काम निराळे. काकांना तो आकडा कळताच ते म्हणाले, "फौजेत ड्रायव्हर आपली गाडी आपण रंगवतो." त्यांनी निवृत्तिवेतनातले सहा हजार रुपये पाकिटात घालून आमच्या हाती दिले. "यात बसव. देवळाच्या पेटीतला एक पैसा घ्यायचा नाही."

रंग कोणता द्यावा यावर देवळाच्या ओट्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. तरुण मंडळींचे मत भगव्याकडे होते. एकाने तर डबा फुकट आणून देण्याची तयारी दाखविली. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भगवा निशाणाला शोभतो. जिच्यावर चिखल उडणार त्या गाडीला नको." त्यावर कोणी बोलले नाही. व्यवहारही त्यांच्याच बाजूने होता. नोंदणीच्या पुस्तकात रंग 'राखी' असा लिहिलेला. तो बदलायचा तर अर्ज, शुल्क, नवी नोंद, आणि आणखी फेऱ्या. शिवाय राखी अस्तरावर राखी रंग दोन हातांत भरून येतो, तर उजळ रंगाला तीन-चार लागतात. काटकसरीने पाहता पुस्तकातला रंग हाच उत्तम रंग.

त्याच सुमारास देवळात सभामंडपाचे लाकडी खांब घासून त्यांना रोगण देण्याचे काम चालू होते. ते काम करणारे गृहस्थ गोव्याकडचे, वय सत्तरीचे. पालख्या, रथ आणि मखरे रंगविण्यात त्यांचा जन्म गेलेला. सारे त्यांना 'बाब' म्हणत. आम्ही त्यांना जीप दाखविली आणि रंगाचे डबे कोणते आणावेत असे विचारले. बाबांनी अंगठा पत्र्यावरून फिरविला आणि एवढेच म्हणाले, "रंग मागीर. पयलीं निवळ करात." रंग नंतर, आधी स्वच्छ करा. पुढल्या तीन आठवड्यांत आमच्या कानांवर हे वाक्य इतक्या वेळा पडले, की ते आता आम्हांला एखाद्या सुभाषितासारखे पाठ आहे.

काम बाबांच्या सांगण्यावरून असे चालले. प्रथम घासलेटात भिजविलेल्या चिंधीने सगळे तेलकट डाग पुसले आणि मग सोड्याच्या पाण्याने गाडी धुतली. तेलाच्या डागावर जगातला कोणताही रंग बसत नाही. मग सुटे पापुद्रे खरडणीने काढले. गंज तारेच्या ब्रशने घासला. त्यानंतर कागद: प्रथम ऐंशी नंबरचा, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, आणि शेवटी चारशे नंबरचा पाणकागद, पाण्यात बुडवून. जुन्या रंगांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्यापूर्वीच्या थरांची कोरडी धूळ छातीत जाऊ देणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून बाब शक्य तेथे ओलेच घासायला लावीत आणि कोरडे घासताना नाकातोंडावर फडके बांधायला विसरू देत नसत.

येथपर्यंत सारे यथासांग चालले होते. आमच्या हातून जो प्रमाद घडला तो काटकसरीच्या पोटी घडला.

जीपच्या तळाचा पत्रा आणि चाकांवरच्या पंखांची आतली बाजू गंजाने इतकी खाल्लेली होती, की तेथे हाताचा टिकाव लागेना. आम्ही चारशे रुपये रोजाने एक तारेच्या चाकाचे घासयंत्र भाड्याने आणले. बाबांनी बजावले होते की ते केवळ गंजावर चालवावे. परंतु अकराच्या सुमारास गंजाचे काम आटोपले, आणि यंत्राचे भाडे तर संध्याकाळपर्यंतचे दिलेले! अर्धा दिवस यंत्र पडून राहणार, हा विचार आमच्यासारख्या हिशेबी माणसाला सोसेना. आम्ही गाडीच्या पाठीमागे गेलो आणि मागच्या पत्र्याच्या उजव्या बाजूवर यंत्र टेकविले. राखी धूळ उडाली, मग काळी, मग क्षणभर काहीतरी पांढरे आणि तांबडे चमकले. जुने अस्तर असावे असे समजून आम्ही यंत्र तसेच रेटले. दहा मिनिटांत पत्रा आरशासारखा उजळ झाला. आम्हांला आमच्या कर्तबगारीचे कौतुक वाटत होते.

दुपारची आरती झाल्यावर काका आले. अलीकडे त्यांची नजर काचबिंदूने आत आत आकसत चालली आहे. ते माणसाकडे पाहतात ते मान किंचित कलती करून, जणू किल्लीच्या छिद्रातून. ते सरळ गाडीच्या मागे गेले. उजळ पत्र्यावर त्यांनी हात ठेवला आणि विचारले, "इथे निशाणी होती. दिसली का?"

लष्करी वाहनाच्या पुढे आणि मागे, दोन्ही अंगांना खुणा रंगविलेल्या असतात. एका बाजूला ती ज्या मोठ्या दळात असते त्याची निशाणी, दुसऱ्या बाजूला तिच्या स्वतःच्या तुकडीचा रंगीत चौकोन आणि त्यावर आकडा. लिलावापूर्वी या खुणा काळ्या रंगाने पुसून टाकतात. म्हणजे त्या जात नाहीत, झाकल्या जातात. काकांना हे ठाऊक होते. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांना ठाऊक होते की आपल्या जीपची जातकुळी त्या काळ्या ठिपक्याखाली लिहिलेली आहे, आणि तरी त्यांनी ती कधी खरवडून पाहिली नव्हती. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाले, "उगाच खरवडून बघणे बरे दिसत नाही. कधीतरी रंग उतरेलच, तेव्हा बघू, असे म्हणत होतो." रंग उतरला होता. बघण्यासारखे काही आम्ही ठेवले नव्हते.

अस्तर होते, काही दिसले नाही, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांना ते पडताळून पाहता आले नसते. तो विचार आमच्या मनात आला होता, हे येथे लिहून ठेवणे आम्हांस भाग आहे. आम्ही सांगितले, "पांढरे आणि तांबडे काहीतरी होते, काका. आम्हांला कळले नाही. गेले."

काका काही क्षण पत्र्यावरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "मशीन परत देऊन ये. अर्ध्या दिवसाचे भाडे तरी परत माग."

भाडे परत मिळाले नाही. आम्ही त्यांना मिळाले म्हणून सांगितले आणि दोनशे रुपये आमच्या खिशातून त्यांच्या पाकिटात घातले. म्हणजे एक खोटे शेवटी बोललोच. पण ते सोसण्याजोगे होते.

त्या संध्याकाळी बाबांना सारे सांगितले. बाब रागावले नाहीत. मागच्या पत्र्याची डावी बाजू अजून शिल्लक होती. त्यांनी पाण्याची बादली, चारशे नंबरचा एक झिजलेला कागद आणि मऊ चिंधी एवढेच पुढे ठेवले. "घाई करूं नाकात," ते म्हणाले. नवा कागद चावतो, झिजलेला केवळ गोंजारतो. थर उतरवायचा तर असाच, असे त्यांनी हाताने करून दाखविले.

तीन संध्याकाळी आम्ही वीतभर जागेवर बसलो. पाणी ओतायचे, पाच-सहा वेळा कागद फिरवायचा, पुसायचे, पाहायचे. राखीचे पाच थर होते, आणि पाचही निरनिराळे. एक निळसर, एक जवळजवळ पांढरट, एकात ब्रशाचा केस अडकलेला. प्रत्येक थर म्हणजे काकांचे एकेक नूतनीकरण. त्या त्या वर्षी घरात कोण होते आणि कोण नव्हते, ते आम्ही घासता घासता मोजीत होतो. देवळाच्या ओट्यावरून एक आजीबाई हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "वणीला आईच्या अंगावरचा शेंदूर काढला, तसेच दिसते की रे हे." उपमा देवीची आणि उपमेय जीप, यामुळे आम्ही ओशाळलो, पण त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप काढण्यात आला आणि त्याखालचे मूळ रूप लोकांना दिसले. लेप देणारे सारे भक्तच होते. भक्तीनेही मूळ झाकले जाते, रागानेही झाकले जाते. काढणाऱ्याला मात्र दोन्हीकडे सारखाच धीर लागतो.

काळा थर पातळ निघाला. तो कागदाने न काढता काडीला गुंडाळलेल्या कापसाने, टर्पेंटाइनचा बोळा फिरवीत, बाबांनी स्वतः काढला. खाली जे आले ते फार नव्हते. त्या जागी केव्हातरी पोचा पडून लांबी भरलेली होती. निशाणीचा अधिक भाग त्या लांबीबरोबरच गेला होता. उरला होता चौकोनाचा एक कोपरा आणि त्यावरच्या पांढऱ्या आकड्याचा खालचा अर्धा भाग. तीन असेल, किंवा पाच असेल.

आम्ही काकांना बोलावले. त्यांनी आधी डोळा अगदी जवळ नेला. मग तो प्रयत्न सोडून बोटे लावली. सुकलेल्या रंगालाही जाडी असते; बोटाच्या टोकाला त्याची कड लागते. त्यांचे बोट त्या वळणावरून सावकाश गेले, परत आले, पुन्हा गेले. तुकडी कोणती ते आता कधीच कळणार नव्हते, आणि ते कळू न देण्यात आमचा अर्धा वाटा होता. आम्ही मान खाली घालून उभे होतो.

"स्टेन्सिल नाही," काका म्हणाले. "हाताने लिहिलाय."

बाबांनी वाकून पाहिले आणि मान डोलावली. कडा सरळ नव्हती.

"शेवटी ब्रश वर उचललाय. घाईत होता. गाडी निघायची असणार." काकांनी बोट तेथेच ठेवले. "ड्रायव्हरनेच लिहिलेला आहे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुरे. आता अस्तर मारा."

तेवढा कोपरा उघडा ठेवून वर पारदर्शक रोगण द्यावे का, असे आम्ही विचारले. काकांनी साफ नकार दिला. जो रंग आपला नाही तो आपल्या गाडीवर दाखवायचा नाही. परंतु बाबांनी येथे त्यांच्या धंद्यातला एक नियम सांगितला, आणि तो आमच्या फार उपयोगी पडला. जो जुना रंग पत्र्याला घट्ट धरून आहे तो काढण्याचे कारण नाही. त्याच्यासारखे अस्तर विकत मिळत नाही. त्याला केवळ पाणकागदाने किंचित खरखरीत करावे आणि त्यावर पुढचे काम करावे. काढायचा तो सुटलेला रंग, धरलेला नव्हे. म्हणून हिरवा रंग आम्ही जेथे घट्ट होता तेथे राहू दिला, आणि तो चौकोनाचा कोपराही. पैसा वाचला, कष्ट वाचले, आणि आणखी एक गोष्ट वाचली, जिचा उल्लेख आमच्यापैकी कोणी केला नाही.

पुढचे काम सरळ होते. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर द्यावे लागते, कारण उजळ पत्रा रात्रीतून पुन्हा गंज धरतो. आणि नुसत्या अस्तरावरही विसंबून चालत नाही, ते पाणी पिते. पोचे लांबीने भरून, घासून सपाट केले. सगळ्या गाडीवर राखी अस्तराचा एक हात दिला. मग सिंथेटिक एनॅमल. फवाऱ्याचे यंत्र परवडणारे नव्हते, आणि खरे तर त्याची गरजही नव्हती. रुंद मऊ ब्रशाने रंग आधी आडवा पसरवावा, मग उभा, आणि शेवटचा हलका हात वरून खाली एकाच दिशेने ओढून ब्रश अलगद उचलावा, म्हणजे ब्रशाच्या रेघा आपोआप मिटतात. एका लिटरमध्ये दहा-बारा चौरस मीटर जागा एक हात भरते. जीपला दोन हातांसाठी अडीच लिटर पुरले. सुकण्यास प्रत्येक हाताला पुरती एक रात्र द्यावी लागते.

त्यात एक फजिती झालीच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, आणि मार्गशीर्षात पहाटे दव असे पडते की पागोळ्या गळाव्यात. पहिला हात दिल्यावर गाडी आंब्याखाली उघडी ठेवून आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी बॉनेटवर दुधासारखी साय धरलेली! ओल्या एनॅमलवर दव बसले की त्याची चमक मरते. बाब म्हणाले, "सुकूंक दियात," आणि दोन दिवसांनी पाणकागदाने ती साय घासायला लावली. दुसऱ्या हाताच्या वेळी आम्ही देवळाच्या मंडपाची जुनी ताडपत्री मागून आणली, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसविली, आणि काम दुपारी चारच्या आत संपविले.

एकूण खर्च ५,४८० रुपये झाला. बाबांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. नारळ आणि विडा पुढे केला तेव्हा तो कपाळाला लावून "देव बरें करूं" म्हणाले आणि खांबांच्या कामाकडे वळले. उरलेले पाचशे वीस रुपये काकांनी मोजून घेतले, दोनदा, आणि आमच्यादेखत देवळाच्या पेटीत टाकले. त्यांत आमचेही दोनशे होते, हे पेटीला ठाऊक.

परिवहन कचेरीत तेच अधिकारी होते. त्यांनी बॉनेटच्या कडेला नख लावून पाहिले, मग पंखांना, मग मागच्या बाजूला. काही निघाले नाही. त्यांनी शिक्का मारला.

माघातल्या जत्रेला जीप आम्ही चालविली; काका आता चालवीत नाहीत. पहाटे देवळासमोर पातेली चढविण्याचे काम चालू होते. पिंपे आधी, मग सतरंज्या, मग आजीबाई, असा क्रम काका सांगत होते, आणि सांगताना मागच्या पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यावर हात टेकून उभे होते. नवा रंग गुळगुळीत आहे. डोळ्यांना तेथे काही दिसत नाही. बोटांना लागत असेल तर ते त्यांनाच माहीत. पालखी उठली, ढोल सुरू झाले. काकांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, ड्रायव्हरला 'चल' म्हणण्याची ती फौजेतली रीत, आणि आम्ही गाडी गिअरमध्ये टाकली.